फेडायचे नृत्य : याकी लोकांच्या विधींचा इतिहास

१

मेक्सिकोच्या वायव्येला असलेल्या सोनोरा राज्याच्या राजचिन्हात एक नर्तक आहे. त्याच्या डोक्यावर हरणाचे मस्तक बांधलेले असून त्याचे शरीर नृत्याच्या एका क्षणात थबकलेले आहे. हा याकी लोकांचा हरणनर्तक होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ज्या भूमीतून या लोकांना उखडून काढण्याची मोहीम चालली, त्याच भूमीच्या शासनाने पुढे त्यांच्या नर्तकाला आपल्या ओळखीची खूण करून घेतले. कार्लोस चावेझ या संगीतकाराने १९३५-३६ मध्ये रचलेल्या 'सिन्फोनिया इंडिया' या कृतीत याकी स्वरावली घेतली आणि वाद्यवृंदात याकींच्या तालवाद्यांना जागा दिली. अमालिया एर्नांदेस यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या 'बॅले फोक्लोरिको'ने हरणनृत्य जगभरच्या रंगमंचांवर नेले. रंगमंचावरचे हे हरीण काही मिनिटांत शिकाऱ्यांच्या बाणांना बळी पडते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो.

याकींच्या गावातले हरीण संध्याकाळी मांडवात येते आणि उजाडेपर्यंत नाचत राहते. तेथे तिकीट नसते आणि ज्याला आपण प्रेक्षक म्हणतो असाही कोणी नसतो. जमलेल्या प्रत्येकाचे काही ना काही काम असते. कोणी आजारातून उठलेल्या मुलासाठी बोललेला नवस फेडत असतो, कोणी मृताचे वर्षश्राद्ध उरकत असतो, कोणी संताच्या सणाचे यजमानपद निभावत असतो. स्पॅनिशमधून आलेला 'मांदा' हा शब्द याकी लोक या बांधिलकीसाठी वापरतात. मराठीत त्याला 'नवस' म्हणता येईल. मात्र या नवसाची फेड नारळ वा चादर वाहून होत नाही, ती स्वतःच्या शरीराने, काही वर्षे किंवा आयुष्यभर सेवा करून करायची असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या एका शब्दाभोवती आहे. याकींचे विधी टिकले ते कोणी वारसा म्हणून जपले यामुळे नव्हे. ती देणी होती, आणि देणे माणसाबरोबर कोठेही जाते, म्हणून ते टिकले. या विधींना 'लोककला' म्हणून पाहिले की त्यांचा इतिहास दिसेनासा होतो.

२

हे लोक स्वतःला 'योएमे' म्हणजे 'माणसे' म्हणवतात. याकी नदीचे खालचे खोरे हा त्यांचा प्रदेश. १५३३ मध्ये दिएगो दे गुझमान याच्या स्पॅनिश तुकडीला त्यांनी तेथे अडवले. सतराव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन उर्दाइदे याने त्यांच्यावर स्वाऱ्या केल्या, त्यांतही त्याचा पराभव झाला. असे असूनही १६१० मध्ये याकींनी स्पॅनिशांशी तह केला आणि जेझुइट धर्मोपदेशकांना आपल्याकडे येण्याचे निमंत्रण दिले. १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रीबास आणि तोमास बासिलिओ हे दोन जेझुइट खोऱ्यात आले. तेव्हा लोक सुमारे ऐंशी विखुरलेल्या वस्त्यांत राहत होते. पुढील काही वर्षांत त्या वस्त्या एकत्र येऊन चर्चभोवती आठ गावे उभी राहिली : कोकोरित, बाकुम, विकाम, पोताम, तोरिम, राहुम, उइरिविस आणि बेलेम. ही आठ गावे देवदूतांनी गात गात आखून दिली, अशी पुढे याकींची श्रद्धा झाली. परक्यांनी आणलेली रचना दोन-तीन पिढ्यांत पवित्र भूगोल झाली, ही गोष्ट त्यांचे पुढचे सारे वर्तन समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

धर्म हरलेल्यांवर लादला गेला, ही वसाहतींच्या इतिहासातली ओळखीची गोष्ट. येथे जिंकलेल्यांनी तो बोलावून घेतला होता. त्यामुळे काय घ्यायचे आणि कशात मिसळायचे, हे बऱ्याच प्रमाणात त्यांच्या हातात राहिले. जेझुइटांनी व्हायोलिन आणि हार्प आणले, लॅटिन प्रार्थना आणल्या, धर्मकथा नाट्यरूपाने दाखवण्याची पद्धत आणली. १७४० मध्ये याकींचा मोठा उठाव झाला. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साऱ्या प्रदेशांतून हाकलून दिले. पाद्री गेले, पण चर्च चालू राहिले. 'माएहतो' म्हणजे याकी प्रार्थनाप्रमुख हस्तलिखित वह्यांतून लॅटिन, स्पॅनिश आणि याकी प्रार्थना वाचत राहिले, स्त्रियांचे गायकवृंद स्तोत्रे गात राहिले. पुढे एडवर्ड स्पायसर या मानवशास्त्रज्ञाने याकी संस्कृतीचे वर्णन करताना 'एकजीव होणे' ही कल्पना वापरली : दोन धर्म शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत, त्यांचा मिळून तिसरा पदार्थ झाला आहे.

या मिलाफाची याकींनी स्वतः सांगितलेली कथाही आहे. फार पूर्वी या भूमीत 'सुरेम' नावाचे बुटके लोक राहत होते. तेथे आकाशापर्यंत पोचणारे एक झाड होते आणि ते थरथरत, गुणगुणत असे. त्याची भाषा कोणालाच कळेना. शेवटी एका स्त्रीने ती उलगडून सांगितली : नवा धर्म येणार आहे, बाप्तिस्मा येणार आहे, आणि त्याबरोबर मरणही येणार आहे. काहींना हे भविष्य मानवले नाही. ते जमिनीखाली, डोंगरांत, समुद्रात निघून गेले आणि अमर राहिले. जे थांबले ते आजचे याकी. म्हणजे बाप्तिस्मा नाकारलेले पूर्वज आजही रानात आहेत आणि बाप्तिस्मा घेतलेले वंशज गावात आहेत. दोघांमधला संवाद तुटू द्यायचा नाही, ही या समाजाची मूळ चिंता आहे. हरणाचे नृत्य आणि गाणी या संवादासाठी आहेत.

३

'पाहको' म्हणजे रात्रभर चालणारा सण. त्यासाठी फांद्यांनी शाकारलेला मांडव उभारतात. त्याच्या एका बाजूला वेदी, संतांच्या मूर्ती, माएहतो आणि गाणाऱ्या स्त्रिया असतात. दुसऱ्या बाजूला हरीण, पाहकोला आणि त्यांचे वादक असतात. एकीकडे चर्च आणि एकीकडे रान, आणि दोहोंवर छप्पर एकच.

हरणनर्तकाचे डोके पांढऱ्या वस्त्राने गुंडाळलेले असते आणि त्यावर खऱ्या हरणाचे मस्तक बांधलेले असते. हातांत भोपळ्यांचे खुळखुळे, कमरेला हरणाच्या खुरांची झुलती माळ. पायांना 'तेनेबोइम' गुंडाळलेले असतात. रानातल्या एका मोठ्या पतंगाचे रिकामे कोश घेऊन, त्यांत बारीक खडे भरून, ते लांब दोरीत ओवून ही माळ तयार करतात. नर्तकाने पाऊल टाकले की कोरड्या पानांतून जनावर चालत गेल्यासारखा आवाज येतो. गाणारे सहसा तिघे असतात. दोघे खाचा पाडलेली लाकडी काठी पालथ्या अर्ध्या भोपळ्यावर टेकवून दुसऱ्या काठीने घासतात. हा हरणाचा श्वास. तिसरा पाण्याच्या भांड्यात पालथा तरंगणारा अर्धा भोपळा काठीने वाजवतो. ही हरणाच्या हृदयाची धडधड. नर्तक, गायक आणि वाद्ये मिळून एकच प्राणी होतो.

'पाहकोला' या शब्दाचा अर्थ 'सणातला म्हातारा'. तो यजमान, विदूषक, कथेकरी आणि नर्तक असतो. कमरेला घुंगरांचा पट्टा, पायांत तेच कोश, आणि लांब केसांच्या भुवया-दाढी लावलेला लहानसा लाकडी मुखवटा. व्हायोलिन आणि हार्प वाजत असतात तेव्हा तो मुखवटा चेहऱ्यावरून सरकवून डोक्याच्या मागे किंवा बाजूला ठेवतो आणि माणूस म्हणून नाचतो. ढोल आणि बासरी सुरू झाली (ही दोन्ही वाद्ये एकच वादक एकाच वेळी वाजवतो) की मुखवटा चेहऱ्यावर येतो आणि नाचणारा रानातला कोणी होतो. युरोपातून आलेली वाद्ये आणि आधीपासूनची वाद्ये यांच्यातली सीमा अशी एका मुखवट्याच्या सरकण्यात दिसते. रात्रभर पाहकोला अचकट विनोद करतो, लोकांना पाणी नि सिगारेटी देतो, हरणाची नक्कल करतो. पण सणाचा आरंभ आणि शेवट गंभीर प्रार्थनेने करण्याचे कामही त्याचेच.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हरीण आणि पाहकोला यांची विद्या रानाकडून, स्वप्नातून, उपजत देणगीतून येते असे मानतात. ती नवसाने मिळत नाही. नवसाचे नर्तक वेगळे. 'माताचिन' हे कुमारी मरियेचे सेवक. डोक्यावर रंगीत कागदी पट्ट्यांचा मुकुट, एका हातात खुळखुळा, दुसऱ्या हातात पिसांची काठी घेऊन ते व्हायोलिन-गिटारच्या साथीवर रांगांनी नाचतात. त्या मुकुटालाही 'फूल' म्हणतात. लहानपणी दुखण्यात आईबापांनी मरियेला वाहिलेला मुलगा पुढे माताचिन होतो, आणि ते त्याचे आयुष्यभराचे काम होऊन बसते.

४

साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वांत अधिक बोलावणारी गोष्ट म्हणजे हरणाची गाणी. लॅरी एव्हर्स आणि स्वतः हरणगायक असलेले फेलिपे मोलिना यांनी १९८७ मध्ये 'मासो ब्विकाम' हे याकी आणि इंग्रजी संहिता शेजारी शेजारी देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. वंशशास्त्राच्या कपाटात पडलेल्या या रचनांकडे तेव्हापासून कविता म्हणून पाहिले जाऊ लागले.

गाणी अगदी आखूड असतात. एक प्राणी, एक झुडूप, पावसाचा ढग, पहाटेचा वारा अशी एखादीच प्रतिमा थोड्याशा फरकाने पुन्हा पुन्हा येते. गाण्याचा पहिला भाग घोळवून म्हटला जातो. मग एक समारोपाचा भाग येतो आणि तो बहुधा 'तिकडे, पलीकडे' अशा निर्देशाने उघडतो. हे 'पलीकडे' म्हणजे 'सेआ आनिया', फुलांचे जग, उगवतीकडे असलेले रानाचे मूळ रूप. पहिल्या भागात मांडवासमोर दिसणारे हरीण समारोपात त्या दुसऱ्या जगात उभे असते. उपमा नाही, रूपकाचा उलगडा नाही. केवळ स्थळ बदलते. बोलणारा कोण हेही निश्चित नसते. कधी हरीण स्वतः बोलते, कधी गायक त्याला 'धाकट्या भावा' म्हणून हाक घालतो.

या गाण्यांचा क्रम रात्रीच्या क्रमाशी बांधलेला आहे. संध्याकाळची गाणी वेगळी, मध्यरात्रीची वेगळी, पहाटेची वेगळी. छापील पानावर त्यांतले एखादे गाणे सुटे वाचताना आपण हा क्रम गमावतो; पायांतल्या कोशांचा आवाज आणि पाण्यावरच्या भोपळ्याचा ठोकाही गमावतो. एव्हर्स-मोलिना यांना याची जाणीव होती, म्हणून त्यांनी गाण्यांबरोबर गायकांची बोलणी आणि प्रसंग यांनाही पुस्तकात जागा दिली. मौखिक संहितेचे संपादन म्हणजे काय, हे शिकवताना हे पुस्तक उपयोगी पडावे.

५

फुलांच्या या कल्पनेची सर्वांत मोठी कसोटी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लागते. याकी त्याला 'वाएह्मा' म्हणतात. या चाळीस दिवसांत गावाची सत्ता परूशांच्या संघाकडे जाते. त्यांतले मुखवटेधारी म्हणजे 'चापायेका'. कातड्याचा किंवा पुठ्ठ्याचा, पूर्ण डोके झाकणारा, मोठ्या कानांचा आणि टोकदार नाकाचा मुखवटा. हातांत लाकडी तलवार आणि खंजीर. ते बोलत नाहीत, सर्व गोष्टी उलट्या आणि डाव्या हाताने करतात, पवित्र वस्तूंची टवाळी करतात. त्यांच्या मुखवट्यांत जनावरे असतात, परके शिपाई असतात, अलीकडे चित्रपटांतली आणि व्यंगचित्रांतली पात्रेही आली आहेत. जे जे बाहेरून येऊन गावाला धमकावते किंवा भुलवते, त्याला येथे चेहरा मिळतो.

मुखवट्याच्या आत मात्र नवस केलेला माणूस असतो. त्याच्या गळ्यातल्या जपमाळेचा क्रूस त्याने दातांत धरलेला असतो. दुष्टाचे सोंग करताना त्या दुष्टपणाचा स्पर्श आपल्याला होऊ नये, म्हणून मनात प्रार्थना चालू असते. सोंग आणि सोंगाड्या यांच्यातल्या अंतराची इतकी कठोर शिस्त नाट्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

पवित्र शनिवारी परूशी आणि चापायेका चर्चवर तीन वेळा चाल करून जातात. चर्चच्या रक्षणाला माताचिन, हरीण, पाहकोला, हातांत छड्या घेतलेली देवदूतांच्या वेशातली लहान मुले आणि गावातल्या स्त्रिया असतात. त्यांचे शस्त्र म्हणजे फुले, पाने आणि रंगीत कागदांचे तुकडे. ख्रिस्ताच्या रक्ताचे थेंब भूमीवर पडले आणि त्यांची फुले झाली, अशी याकींची श्रद्धा आहे. म्हणून फूल दुष्टाला मारू शकते. तिसऱ्या चालीत हल्लेखोर मोडतात. मुखवटे आणि तलवारी यहूदाच्या पुतळ्याभोवती रचल्या जातात. त्या माणसांना त्यांचे धर्मपिता आणि धर्ममाता धावत चर्चमध्ये नेतात, पुन्हा देवाला अर्पण करतात. बाहेर मुखवटे जळतात. एखाददुसरा मुखवटा मागे ठेवतात, तो संघातला कोणी मेला तर त्याच्याबरोबर पुरण्यासाठी. पुढच्या वर्षी सारे मुखवटे नव्याने करायचे.

हे जाळणे या संस्कृतीच्या स्मरणपद्धतीचे मर्म आहे असे वाटते. वस्तू ठेवायची नाही. ती करण्याची जबाबदारी ठेवायची.

६

या पद्धतीची परीक्षा इतिहासाने घेतली. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर याकींच्या जमिनी बाहेरच्यांना देण्याचे प्रयत्न सुरू झाले. हुआन बांदेरासने १८२५ पासून केलेला उठाव १८३३ मध्ये त्याच्या मृत्युदंडाने संपला. १८६८ मध्ये बाकुमच्या चर्चमध्ये कोंडलेल्या याकींवर तोफा डागल्या गेल्या आणि सुमारे १२० जण मेले. काहेमे या नेत्याला १८८७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. १९०० मध्ये मासोकोबाच्या डोंगरात शेकडो याकी मारले गेले. त्यानंतर पोर्फिरिओ दियासच्या राजवटीने हजारो याकी पुरुष, स्त्रिया आणि मुले पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर, ओआहाकाच्या शेतांवर गुलामासारखी कामाला पाठवली. आठ गावांतले विधिजीवन उद्ध्वस्त झाले.

जे निसटले त्यांतले अनेक जण सीमा ओलांडून अॅरिझोनात आले. सुरुवातीला आपण याकी आहोत हे सांगण्याचीही त्यांना भीती होती. कळले तर परत पाठवले जाऊ, आणि परत म्हणजे मळ्यावर. ते रेल्वेवर आणि शेतांवर मजुरी करीत, भाषा घरात बोलत. पण उपवासकाळ दरवर्षी येतच होता आणि बोललेले नवस फेडायचे राहिले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अॅरिझोनात वाएह्मा पुन्हा सुरू झाला. चर्चची इमारत नव्हती, जमीन आपली नव्हती. ज्याला व्हायोलिन येत होते त्याने ते शोधले, ज्याला प्रार्थना पाठ होत्या त्याने त्या वहीत उतरवल्या, ज्यांचे नवस होते त्यांनी मुखवटे केले. १९२१ मध्ये टूसॉनजवळ पास्कुआ ही वस्ती वसली. 'पास्कुआ' म्हणजे ईस्टर. निर्वासितांनी आपल्या वस्तीला सोडलेल्या गावाचे नाव दिले नाही, सणाचे दिले.

स्पायसर १९३६ मध्ये याच वस्तीत अभ्यासासाठी राहायला आले आणि १९४० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. १९६४ मध्ये याकींना टूसॉनच्या नैर्ऋत्येला २०२ एकर जमीन मिळाली. १८ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकी शासनाने त्यांना आदिवासी राष्ट्र म्हणून मान्यता दिली. कागदावरची ही मान्यता येण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे तो समाज समाज म्हणून उभा होता, तो प्रामुख्याने विधींच्या संघटनांमुळे.

७

अॅरिझोनातल्या ईस्टरच्या विधींना बाहेरच्यांना येता येते, पण छायाचित्र, ध्वनिमुद्रण, रेखाटन, टिपणे यांना मनाई असते. अभ्यासकाला ही अट अडचणीची वाटेल. ज्या समाजाला ओळखू येणे म्हणजे पकडले जाणे हा अनुभव आला, त्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. शिवाय नोंद कशी घातक ठरते याचे उदाहरण त्यांच्यापुढे आहेच. कार्लोस कास्तानेदा यांच्या १९६८ मधल्या गाजलेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'याकी ज्ञानमार्ग' असे शब्द होते. त्यात याकी जीवनाचे आणि भाषेचे जवळजवळ काहीच नाही, हे स्पायसर यांनी १९६९ मध्येच दाखवले. १९७६ मध्ये रिचर्ड डी मिल यांनी त्यांतल्या विसंगती मांडल्या. तरी लाखो वाचकांना 'याकी' म्हटले की तेच पुस्तक आठवते. हरीण, चापायेका, माताचिन यांपैकी कोणीच त्यांना ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण संग्रहालयाचे. विधीतले हरणाचे मस्तक, 'मासो कोवा', १९३० च्या दशकात स्वीडनला गेले आणि तेथील राष्ट्रीय संग्रहात राहिले. याकींच्या लेखी ते सजीव आहे. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२३ मध्ये ते इतर वस्तूंसह सोनोरात परतले. मुखवटे जाळणाऱ्या या समाजाने एका मस्तकासाठी इतका आग्रह का धरावा, असा प्रश्न पडू शकतो. चापायेकाचा मुखवटा दुष्टाचा, म्हणून तो जळतो. हरणाचे मस्तक धाकट्या भावाचे, आणि भावाला परमुलखातल्या कपाटात ठेवून चालत नाही. काय जाळायचे आणि काय परत आणायचे, याचा निर्णय वस्तूच्या कलामूल्यावर ठरत नाही, नात्यावर ठरतो.

८

शेवटी नदीचा प्रश्न उरतो. लासारो कार्देनास यांच्या शासनाने १९३७ पासून याकींच्या जमिनीवरील हक्काला मान्यता दिली, पण पाणी वेगळे राहिले. १९५२ मध्ये याकी नदीवर आल्वारो ओब्रेगोन धरण झाले, पाणी कालव्यांनी मोठ्या शेतीकडे वळले आणि आठ गावांजवळून वाहणारे पात्र कोरडे पडले. २०१० मध्ये एर्मोसिओ शहराकडे पाणी नेणाऱ्या जलवाहिनीचे काम सुरू झाले. याकींनी विरोध केला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याशी विचारविनिमय करण्याचा निर्णय दिला. २८ सप्टेंबर २०२१ रोजी मेक्सिकोच्या अध्यक्षांनी विकाम येथे येऊन जुन्या अत्याचारांबद्दल याकींची माफी मागितली. पाण्याचा वाद त्या माफीने मिटला नाही.

साहित्याच्या वर्गात हरणाची गाणी निसर्गकविता म्हणून शिकवणे सोपे आहे. फुले, वारा, पहाट सारे तेथे आहेच. पण त्या गाण्यांतले 'पलीकडचे' जग हे अलीकडच्या रानाचेच दुसरे रूप आहे. रान आटले, हरीण दिसेनासे झाले, पतंगांचे कोश मिळेनासे झाले, तर गाण्यातले ते 'पलीकडे' कशाच्या पलीकडे, हा प्रश्न गाणाऱ्यापुढे उभा राहतो. हरणगायक तरीही मांडवात बसतात, भांड्यात पाणी भरून त्यावर भोपळा पालथा घालतात. कोणाचा तरी नवस असतो आणि रात्र काढायची असते. त्यांच्या गाण्याचा अर्थ लावताना शब्दकोशाशेजारी त्या खोऱ्याचा नकाशाही उघडून ठेवला पाहिजे.